दिसला का, ताई?

फोन अवेळी वाजला की माझ्या वयाच्या बायका दचकतात. माझं उलटं आहे. फोन बराच वेळ वाजला नाही, की मी दचकते. हातातली पोळी तव्यावर टाकून मी फोन उचलते, रेंज आहे का पाहते, ग्रुप उघडते, शेवटचा संदेश किती वाजता आला ते बघते. आमच्या घरचे म्हणतात, "काय वं, कोनी मेलं का?" तेच तर पाहत असते मी.

नोकरी म्हणाल तर मी बत्तीस वर्षं एसटीत काढली, अमरावतीच्या स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत. गाडी फलाटाला लागल्याचं भोंग्यावरून सांगणारा आवाज माझा. त्या नोकरीबद्दल लिहायचं असतं तर दोन-चार हसण्यासारखे किस्से सांगून मोकळी झाले असते. पण मी लिहिणार आहे ते निवृत्तीनंतर गळ्यात पडलेल्या कामाबद्दल. त्याला पगार नाही, सुटी नाही, गणवेश नाही, शिव्या मात्र भरपूर. फोनवरचा एक ग्रुप आम्ही तिघं सांभाळतो. अशा माणसाला मॉडरेटर म्हणतात. कोणी काय टाकलं ते वाचायचं, खोटं असेल ते काढायचं, भांडणं सोडवायची आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या नजरेत वाईट ठरायचं, असं हे काम.

या कामातली एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. ती इथं सांगायची असं ठरवून बसले आहे. धीर टिकला तर शेवटी सांगेन.

आमचा ग्रुप 'मेळघाट गाडीखबर'. धारणीकडे जायला इकडून अमरावती-परतवाड्याचा रस्ता आणि तिकडून अकोला-अकोटचा. दोन्ही जंगलातले, घाटाचे. एसटीच्या गाड्या मोजक्या, बाकी सगळा कारभार जिपांवर. कोणती गाडी कधी सुटणार, कुठं झाड आडवं पडलंय, कोणत्या जिपेत पेशंटला आडवं नेता येईल, हे विचारायला लोक पूर्वी माझ्या खिडकीशी यायचे आणि खिडकीतल्या बाईला काडीचं ठाऊक नसायचं. अकोल्याचे मिर्झाभाई त्या वेळी दर शनिवारी मला खिडकीवर छळायचे. त्यांची बायको धारणीकडं नर्स होती. त्यांचं स्वतःचं अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. शनिवारी ते सुटे भाग घ्यायला अमरावतीला यायचे आणि इथूनच धारणीची गाडी धरायचे. मी निवृत्त झाले त्याच महिन्यात त्यांचा फोन आला. "बाई, तुमी रिटायर झाल्या, तुमचा आवाज तं नाई ना झाला? मी ग्रुप काढून राह्यलो. तुमी सांभाळा."

तिसरी रेखा. रेखा कास्देकर, धारणी तालुक्यातल्या भवरखेडा गावची आशा कार्यकर्ती. बाळंतिणींची, लहान लेकरांची नोंद ठेवणारी, रात्री-बेरात्री दवाखान्यात नेणारी. कोरकू बाई, शिक्षण सातवी, पण त्या अख्ख्या रस्त्याची खडान्‌खडा माहिती तिच्याकडं. तिच्या गावात रेंज नाही. गावामागच्या टेकडीवर मोहाचं एक झाड आहे, त्याच्याखाली उभं राहिलं की येते. रेखा टेकडी चढायची, संदेश पाठवायची आणि उतरून कामाला लागायची. लिहायचा कंटाळा, म्हणून बोलूनच पाठवायची. सुरुवातीचं अर्धं मिनिट "नमस्कार, सगळ्यायले नमस्कार, मी भवरखेड्यावरून रेखा बोलून राह्यली," यातच जायचं. मागं कोंबड्या. मग मुद्दा. जीपवाले चेष्टा करायचे, की बाईचा नमस्कार होईस्तोवर गाडी हरिसालला पोचते. पण रस्त्याची तिची खबर एकदाही चुकली नाही, हे मी छातीला हात लावून सांगते.

सुरुवातीला मजा होती. एक झेंडूवाला रोज आपल्या फुलांच्या टोपल्यांचे फोटो टाकायचा आणि त्या कोणत्या जिपेच्या टपावर आहेत ते सांगायचा. लोक त्याच फोटोवरून जीप ओळखायचे. एक आजोबा सांबाराच्या जुड्या (बाहेरचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात) एसटीत ठेवून द्यायचे आणि ग्रुपवर विचारायचे, "माहा सांबार कुठवर आला?" एकाच वाघाचा एकच फोटो दर महिन्याला वेगवेगळ्या गावात निघायचा. मी लिहायची, हा वाघ मागच्या महिन्यात अकोटला होता, त्याचा पास संपला आहे. लोक हसायचे. मला वाटायचं, आपण खिडकीतच बसलोय, फक्त काच तेवढी गेली.

काच गेल्यावर दगड थेट अंगावर येतो, हे नंतर कळलं.

एका सकाळी ग्रुपवर फोटो आला. जिपेत बसलेली दोन माणसं, मांडीवर गाठोडी. खाली लिहिलेलं, पोरं पळवणारी टोळी धारणीकडं निघाली आहे, दिसली की सोडू नका. मी त्या वेळी आंघोळीला गेले होते. मिर्झाभाई कोणाचं तरी मशीन खोलून बसले होते. मी बाहेर येऊन तो फोटो काढेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात तो जंगलातल्या पन्नास गावांच्या पन्नास ग्रुपांवर गेला होता. ती दोघं ब्लँकेट विकणारी होती. एका गावात त्यांना जिपेतून खाली ओढलं. रेखा लसीकरणासाठी त्याच गावात होती. ती दोघांच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगुदर मले मारा." तिच्या हातात लसींचा डबा होता. लोकांनी तिला मारलं नाही, कारण तिथल्या निम्म्या पोरांच्या आयांना बाळंतपणाला तिनंच दवाखान्यात नेलं होतं. त्या दोघांपैकी एकाचा हात मोडला. तो माणूस नंतर पुन्हा कधी मेळघाटात आला नाही.

मी तो फोटो काढला म्हणून काही लोक माझ्यावरच उलटले. 'टोळीची बाई' म्हणाले. दोन दिवसांनी माझ्या फोनवर एक फोटो आला. आमच्या घराचं फाटक, फाटकावर वाळत घातलेली माझी साडी. सोबत शब्द एकही नाही. मी ती साडी उचलून आणली आणि ती आजपर्यंत नेसलेली नाही. आमचे हे बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते, सहसा घाबरत नाहीत. त्यांनी फाटकाला कुलूप लावलं आणि म्हणाले, "रिटायर झाली ना तू? मंग काहून ह्या लष्कराच्या भाकरी भाजून राह्यली?" मला रडू आलं.

त्या आठवड्यात मी मिर्झाभाईंना म्हटलं, तीन माणसांचे सहा डोळे पुरत नाहीत. आम्ही झोपतो, जेवतो, न्हातो. काहीतरी हत्यार द्या. नाहीतर मी ग्रुप सोडते.

मिर्झाभाईंनी पंधरा दिवस खपून एक यंत्रणा बसवली. तिचं नाव त्यांनी चौकीदार ठेवलं. बाहेरच्यांसाठी सोप्या भाषेत सांगते. ग्रुपवरच्या प्रत्येक संदेशाखाली 'तक्रार' असं एक बटन आलं. तीन वेगवेगळ्या माणसांनी ते दाबलं, की चौकीदार तो संदेश सगळ्यांपासून लपवणार आणि आम्हा तिघांना कळवणार. आम्ही बघून ठरवायचं, परत दाखवायचा की लपलेलाच ठेवायचा. आणि यात मिर्झाभाईंनी स्वतःच्या मते एक हुशारी केली होती. ज्याचा संदेश लपला, त्याला ते कळू द्यायचं नाही, मग तो आम्हा तिघांतला का असेना. त्याच्या फोनवर संदेश जसाच्या तसा दिसत राहणार. "बदमाशाले वाटलं पाहिजे का त्याचा मेसेज चालून राह्यला," ते म्हणाले, "नाई तं तो दुसऱ्या नंबरवरून लगेच टाकते." मला ते पटलं. फाटकाचा फोटो आठवला की मला त्या दिवसांत काहीही पटलं असतं.

मी माझा स्टँडवरचा आवाज लावून ग्रुपवर जाहीर केलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खोटा संदेश दिसल्यास त्याखालील तक्रारीचे बटन दाबावे. तिघांनी दाबताच संदेश बंद होईल." लोकांना फार आवडलं. आठ दिवसांत वाघ गेला, शिव्या गेल्या, पोरं पळवणारे गेले. मी दुपारी झोपायला लागले. चौकीदार जे लपवायचा ते खरंच लपवण्याजोगं असायचं, म्हणून मी त्याच्या सूचना आधी लगेच, मग तासाभरानं, मग संध्याकाळी एकदम बघायला लागले. खिडकीत असताना मी असं कधी केलं नसतं. तिथं चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही असा नियम होता. पुढची बाई येऊन वहीत सही करेपर्यंत मी लघवीलासुद्धा गेलेली नाही. ग्रुपवर चार्ज नव्हता. मला वाटायचं मिर्झाभाई बघत असतील, त्यांना वाटायचं मी बघत असेन.

आता पोळ्याचं सांगते.

आमच्याकडं पोळा म्हणजे दिवाळीच्या तोडीचा सण. नांदगाव पेठेच्या कपड्यांच्या कारखान्यांत मेळघाटातल्या कितीतरी पोरी कामाला आहेत. पोळ्याला त्या घरी निघतात. रेखाची सुमनही त्यातलीच, एकोणीस वर्षांची, शिलाई मशीनवर. आदल्या दिवशी ती माझ्याकडं येऊन गेली होती. धाकट्या भावासाठी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल घेतला होता, चाकांचा. मला दाखवून पुन्हा ओढणीत गुंडाळला. "गजूभाऊच्या जिपनं चालली, काकू. दोन वाजता परतवाड्यावरून निंगते," म्हणाली. गजू म्हणजे त्या रस्त्यावरचा जुना जीपवाला, हसरा, सगळ्यांना ताई-भाऊ करणारा. त्याच्या जिपेचं बुकिंग ग्रुपवरच होतं, अकरा जणांचं.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून वरच्या अंगाला पाऊस होता. आमच्याकडं ऊन. मी पुरण शिजवत होते. भवरखेड्याच्या खाली नाल्यावर एक रपटा आहे, म्हणजे पाण्यासरसा बांधलेला बसका पूल, कठडा नसलेला. वर पाऊस झाला की तासाभरात पाणी त्याच्या डोक्यावरून जातं. रेखानं ते पाणी पाहिलं. पावसात टेकडी चढली, मोहाखाली उभी राहिली आणि एक वाजून दहा मिनिटांनी बोलून संदेश पाठवला. आपला संदेश ग्रुपवर लागलेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मग निर्धास्त होऊन घरी गेली आणि लेकीसाठी पोळ्या लाटायला बसली. आपण सांगितलं म्हणजे परतवाड्यावरून गाडी सुटणार नाही, सुमन तिथंच कोणाकडं थांबेल, अशी तिची खात्री.

संदेश सात मिनिटांत लपला. तिघांनी तक्रार दाबली होती.

मी तो चार वाजता ऐकला. नैवेद्य झाला होता, आमचे हे जेवून आडवे झाले होते, मी ओट्याशी उभी राहून चौकीदाराची यादी उघडली. नमस्कार, सगळ्यायले नमस्कार. कोंबड्या नव्हत्या त्या दिवशी, मागं नुसता पाऊस. मग रेखा म्हणाली, "रपट्यावरून पानी चाल्लं, पांढरे दगड बुडून राह्यले. कोनीच गाडी सोडू नका. माही सुमन असन तिथं तं तिले सांगजा का घाई नोको करू."

मी तिथंच खाली बसले.

गजूला फोन लावला, बंद. सुमनला लावला, बंद. परतवाड्याच्या पुढं जंगल लागलं की रेंज जाते, पुढं तुरळक कुठं येते. मी स्टँडवरच्या माझ्या जुन्या कंट्रोल रूमला फोन केला. खुर्चीतला माणूस नवा होता, पण आवाज ओळखून म्हणाला, "बोला मॅडम." त्यानं वनखात्याच्या नाक्यावर विचारलं. जीप तीनच्या आधीच नाका ओलांडून गेल्याची नोंद होती. धारणीहून खाली येणारी एसटी? ती पावसामुळं सुटलीच नव्हती. सुटली असती तर ड्रायव्हरनं समोरून हात दाखवून जीप थांबवली असती. त्या रस्त्यावर ड्रायव्हर लोकांचा तो जुना रिवाज आहे, आणि रस्ता बंद असेल तर हिरवी फांदी तोडून आडवी टाकतात. त्या दिवशी फांदी होती, पण रपट्याच्या पलीकडं, धारणीच्या अंगाला. अलीकडं टाकायला कोणी नव्हतं.

मी रेखाचा संदेश पुन्हा दाखवला आणि ग्रुपवर लिहिलं, गजूची जीप कोणी पाहिली असेल तर ताबडतोब कळवा. एवढा बोलका ग्रुप, एक जण बोलेना. अर्धा तास एकही शब्द नाही. त्या अर्ध्या तासानं मला लावलेली भीती अजून उतरलेली नाही.

मग एक फोटो आला. पाण्यात कलंडलेली पांढरी जीप. खाली लिहिलेलं, धारणी रोडला जीप वाहून गेली, अकरा ठार.

गजूची जीप पांढरीच. अकरा हा आकडा बुकिंगवर सगळ्यांना दिसत होता. मी फोटो मोठा करून पाहत होते, कुठं ओढणी दिसते का, लाकडी बैल दिसतो का. मिर्झाभाईंना फोन केला तर तेही तोच बघत होते. "बाई, नंबर प्लेट वाचता येत नाई. काहाडू का राहू देऊ?" बाहेरच्या माणसाला वाटेल, यात विचारण्यासारखं काय आहे. पण खोटा असेल तर अकरा घरांत आत्ता रडारड सुरू होईल. खरा असेल आणि आम्ही काढला, तर शोधायला निघालेली माणसं घरी बसतील. मॉडरेटर म्हणजे खरं-खोटं ओळखणारा, असं लोकांना वाटतं. मला काहीही ओळखता येत नव्हतं. खिडकीत असताना चुकीची घोषणा झाली तर मी दुसऱ्या मिनिटाला भोंग्यावरून दुरुस्त करायची, गाडी समोर उभी असायची.

"काढा," मी म्हटलं. त्यांनी काढला. वीस मिनिटांनी त्यांनी तो फोटो कुठून कुठून शोधून काढला. जुना होता आणि दुसऱ्याच राज्यातला. पण ती वीस मिनिटं मी सुमनला मनात मेलेली धरली होती. आमचे हे माझ्या शेजारी फरशीवर बसून होते. पोळ्याचं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

सव्वासातला रेखाचा फोन आला. टेकडीवरून.

"सुमन आली, ताई."

एवढं बोलून ती रडली, मग मी रडले. मग तिनं सगळं सांगितलं. गजू रपट्याशी थांबला होता. रपट्याच्या कडेला चुना मारलेले दगड आहेत. पहिला दगड दिसला तर गाडी घालायची, असा जीपवाल्यांचा हिशेब. पहिला दगड दिसत होता. अर्ध्यावर इंजिनात पाणी गेलं आणि गाडी बंद पडली. मुली टपावर चढल्या, माणसं एकमेकांना धरून बॉनेटवर. दोन तास तसे. गावातली माणसं बैल सजवून मिरवणुकीला निघाली होती, त्यांना आरडाओरडा ऐकू आला. बैलांचे कासरे एकाला एक बांधून त्यांनी अकराही जणांना आणि गजूला ओढून काढलं. अंधार पडता पडता जीप वाहून गेली.

"लेकरू अजून थरथरून राह्यलं," रेखा म्हणाली. "बैल नाई सोडला तिनं हातचा. कवटाळून बसली व्हती." पावसाचा आवाज येत होता. "ताई, एक सांगा. मले माहा मेसेज दिसून राह्यला व्हता. आताबी दिसून राह्यला. मंग तुमाले काहून नाई दिसला?"

मी म्हटलं, "मशीननं लपवला, रेखा. आम्हाला कोणालाच दिसला नाही."

"असं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं ग्रुप सोडला.

चार दिवसांनी गजू आमच्या घरी आला. फाटकाशी उभा राहिला, आत येईना. मी पायरीवर बसवलं, चहा दिला, तो त्यानं प्यायला नाही. "ताई, मीच दाबलं," म्हणाला. "मी अन्‌ आनखी दोघं जीपवाले. रस्ता बंद म्हनलं का लोक बुकिंग सोडतेत. पोयाचा दिवस. रेखाताई भित्री हाय असं वाटलं, दाबून टाकू, झालं."

"पूर्ण ऐकलंस का?"

"नमस्कारच्या पुढं नाई आयकलं. पाऊस हाय, रस्ता बंदच म्हनन असं वाटलं."

मी त्याला खूप बोलले. फाटकाबाहेरचे लोक थांबून बघायला लागले इतकं बोलले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाला, "पन बटन तं तुमीच देलं ना, ताई. तुमच्याच आवाजात सांगतलं व्हतं, तिघांनी दाबा म्हून." गजूनं पुन्हा जीप घेतली नाही. तो आता नांदगाव पेठेत कारखान्याचा टेम्पो चालवतो.

रेखा गेल्यावर भवरखेड्याच्या पुढचा रस्ता आम्हाला आंधळा झाला. गणपतीच्या दिवसांत तिकडून काहीच खबर यायची नाही आणि जिपा तर जातच होत्या. रोज संध्याकाळी मी एकेक गाडी पोचली का म्हणून फोन करत बसायची.

त्या काळात मिर्झाभाईंनी चौकीदार उघडून पुन्हा बांधला. आधी त्यांनी त्या दिवसाची मशीनमधली सगळी नोंद काढून वाचली. कोणी किती वाजता काय दाबलं, ते सगळं त्यात असतं. वाचून ते मला काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही. नव्या चौकीदारात संदेश लपला तर पाठवणाऱ्याला सांगितलं जातं. तक्रार कोणी केली ते आम्हाला दिसतं आणि ज्याची जीप त्याची तक्रार त्या रस्त्याच्या खबरेवर चालत नाही. रस्ता, पाणी, आजारी माणूस यांतलं काहीही मशीन एकट्यानं लपवत नाही, आधी दोन माणसांनी ऐकावं लागतं. आणि मी चार्जची वही सुरू केली, फोनवरच. 'चार्ज घेतला' असं दुसऱ्यानं लिहिल्याशिवाय पहिल्यानं फोन खाली ठेवायचा नाही. शहरातली शिकलेली मंडळी अशा ग्रुपांसाठी नवनवीन हत्यारं बनवतात असं ऐकते. बनवा, खरंच बनवा, आमचे हात तोकडे आहेत. फक्त ते हत्यार ज्याच्यावर चाललं त्याला आवाज येऊ द्या, एवढं एका म्हातारीचं ऐका.

दसऱ्याच्या सुमारास रेखा परत आली. सुमननं तिला समजावलं म्हणे. येताना एक अट घेऊन आली. तिनं रस्त्याची खबर टाकली की ती लगेच फोन करणार, "दिसला का, ताई?" आणि आमच्यापैकी एकानं तोंडानं "दिसला" म्हटल्याशिवाय ती टेकडीवरून उतरणार नाही. तेव्हापासून तसंच चालू आहे. पावसात, उन्हात ती मोहाखाली उभी राहते आणि वाट बघते. म्हणून माझा फोन बराच वेळ वाजला नाही की मला भीती वाटते. कुठंतरी ती उभी असेल आणि मला ऐकू आलं नसेल, असं वाटत राहतं.

हे छापून आलं की तो अंक मी भवरखेड्याला पाठवणार आहे. सुमन आईला वाचून दाखवेल. तेव्हा आता सांगायचं राहिलंय ते सांगते.

पोळ्याच्या दिवशी एक वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला होता. मी पुरणाचे हात धुऊन, पदराला पुसून यादी उघडली होती. वर नाव होतं, रेखा कास्देकर. बोललेला संदेश, दीड मिनिटाचा, तिघांची तक्रार. खाली दोन बटनं होती, 'ऐका' आणि 'राहू द्या', म्हणजे लपलेलाच राहू द्या. गॅसवर पुरण लागायला आलं होतं. मी मनात म्हटलं, हिचं अर्धं मिनिट नमस्कारातच जातं, निवांत ऐकू. आणि 'राहू द्या' दाबलं. गजूची जीप सुटायला तेव्हा चाळीस मिनिटं होती. परतवाड्यात रेंज पूर्ण असते.

तू टेकडीवरून विचारलंस तेव्हा मी मशीनचं नाव सांगितलं. मशीननं लपवला हे खरं आहे. पण त्यानं मला विचारलं होतं.

रेखा, मला दिसला होता.